हृदय आणि रक्तवाहिन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या मुलांपासून नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्या आजोबांपर्यंत अनेकजण विचारत असतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना हृदयाबद्दल विचारायचं असतं, रक्तवाहिन्यांबद्दल क्वचितच कुणी विचारतं. वाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या, असा समज त्यामागे आहे. रक्त कुठे किती जायचं आणि ते परत कसं यायचं, हे मात्र मुख्यतः वाहिन्याच ठरवतात, म्हणून खाली त्यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. स्वतःच्या तक्रारीसाठी डॉक्टरांनाच भेटा.

१. हृदय डाव्या बाजूला असतं ना? मग डॉक्टर छातीच्या मध्यभागी का दाखवतात?

हृदय दोन फुप्फुसांच्या मध्ये, छातीच्या मधल्या हाडामागे असतं. त्याचं टोक खाली आणि डावीकडे वळलेलं असतं आणि ठोका तिथे सर्वांत स्पष्ट लागतो, म्हणून ते डावीकडे आहे असं वाटतं. आकार ज्याच्या-त्याच्या मुठीएवढा, वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम.

अपवादही आहे. सुमारे दहा हजारांत एखाद्याचं हृदय जन्मापासून उजवीकडे असतं, आणि अशा बऱ्याच जणांचं यकृतही डावीकडे असतं. बाकी सगळं ठीक असेल तर एक्स-रे निघेपर्यंत त्यांना पत्ताही नसतो. माहीत असेल तर ईसीजी काढणाऱ्याला आधीच सांगावं, नाहीतर पट्टी चुकीची वाचली जाते.

२. रक्ताचा पूर्ण फेरा कसा होतो?

हृदयाला चार कप्पे असतात. वर दोन अलिंद, खाली दोन निलय (जुन्या पुस्तकांतले कर्णिका आणि जवनिका ते हेच). शरीरभर फिरून आलेलं रक्त उजव्या अलिंदात येतं, तिथून उजव्या निलयात आणि तिथून फुप्फुसांत. फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि तिथून महाधमनीवाटे सगळ्या शरीरात जातं. म्हणजे एकामागोमाग एक असे दोन फेरे. फुप्फुसं शेजारीच असल्याने उजव्या निलयाला कमी दाब पुरतो. डाव्याला डोक्यापासून पायांपर्यंत रक्त ढकलायचं असतं, म्हणून त्याची भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड असते.

विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर झाले पाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण पाचच लिटर असतं, म्हणजे सगळं रक्त मिनिटाभरात फिरून येतं.

विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने १६२८ साली असाच हिशेब मांडला. एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात ते अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त होतं. एवढं रक्त अन्नापासून सतत नवं तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. त्याआधी दीड हजार वर्षं युरोपात उलट समजूत होती. साधा गुणाकार करून ती मोडली, हे मला आजही थक्क करतं.

३. ठोका द्यायला मेंदू सांगतो का?

नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो आपणहून ठरावीक वेळाने विद्युत संदेश सोडतो. संदेश आधी दोन्ही अलिंदांत पसरतो, मग अलिंद आणि निलयांच्या मधल्या गाठीपाशी सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळतो आणि नंतर निलयांत उतरतो. हे रेंगाळणं फार मोलाचं आहे, कारण तेवढ्यात अलिंदांतलं उरलेलं रक्त निलयांत उतरतं.

मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. त्या पुंजक्याचा स्वतःचा वेग मिनिटाला शंभरच्या आसपास असतो. व्हेगस नावाची नस (मेंदूतून येणारा मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) त्याला आवरून धरते म्हणून आपल्याला सत्तर-बहात्तर ठोके दिसतात. श्वास आत घेताना नाडी थोडी जलद आणि सोडताना थोडी मंद होते ती याच नसेमुळे. तरुणांमध्ये हे स्पष्ट जाणवतं आणि ते निरोगीपणाचं लक्षण आहे. नसा पूर्ण तुटल्यावर काय होतं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

४. लब-डब हा आवाज स्नायू आकसल्याचा असतो का?

तो झडपा बंद होण्याचा आवाज. अलिंद-निलयांमधल्या झडपा मिटतात तेव्हा ‘लब’, निलयांतून बाहेर पडणाऱ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात तेव्हा ‘डब’. झडप अरुंद असेल किंवा गळत असेल तर मध्येच सूं-सूं आवाज येतो. लहान मुलांमध्ये असा आवाज बऱ्याचदा निरुपद्रवी असतो, पण तो तसा आहे हे तपासणाऱ्याने ठरवायचं.

५. हृदयात सतत रक्त भरलेलं असतं, तरी त्याला वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला?

आतल्या रक्तातून ऑक्सिजन भिंतीत एखाद मिलिमीटरसुद्धा नीट झिरपत नाही, आणि भिंत तर सेंटिमीटरभर जाड. म्हणून महाधमनी हृदयातून बाहेर पडताच तिला पहिल्या दोन फांद्या फुटतात त्या हृदयासाठीच. त्यांना हृदयधमन्या म्हणतात. ब्लॉकेज होतं ते यांच्यात.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे, डावा निलय आकसतो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे त्याला रक्त मुख्यतः तो सैल पडतो तेव्हाच मिळतं. नाडी जितकी जलद तितका हा सैल पडण्याचा वेळ कमी, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठ्याची वेळ आखडते. दुसरी म्हणजे, हृदय विश्रांतीतही आपल्याकडे आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन काढून घेतं. त्यामुळे जास्त ऑक्सिजन हवा तर जास्त रक्तच यावं लागतं. वाहिनी अरुंद असलेल्या माणसाला बसून काहीच होत नाही आणि जिना चढताना छाती भरून येते, ती यामुळे.

६. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, हे बरोबर आहे का?

परीक्षेत हे वाक्य लिहू नका. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, एवढंच खरं. फुप्फुसधमनी कमी ऑक्सिजनचं रक्त नेते आणि फुप्फुसशिरा भरपूर ऑक्सिजनचं आणतात.

पोटातल्या बाळाचा मामला आणखी वेगळा. त्याची फुप्फुसं बंद असतात. नाळेतली एक शीर आईच्या वारेकडून ऑक्सिजन आणते आणि दोन धमन्या वापरलेलं रक्त परत नेतात. बाळाच्या दोन अलिंदांमध्ये एक झडपवजा छिद्र असतं, शिवाय फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते. त्यामुळे बरंचसं रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. बाळ पहिला श्वास घेतं तसा फुप्फुसांतला अडथळा एकदम कमी होतो, डाव्या अलिंदातला दाब वाढतो आणि ते छिद्र आपोआप दाबलं जाऊन मिटतं. जोडवाहिनीही पुढच्या एक-दोन दिवसांत आकसून बंद होते.

दर चार प्रौढांपैकी एकाचं हे छिद्र पूर्ण चिकटलेलं नसतं, नुसतं मिटलेलं असतं. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. रिपोर्टवर ‘पीएफओ’ (म्हणजे हेच छिद्र) वाचून घाबरलेले बरेच जण विचारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

७. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात, मग आत निळं रक्त असतं का?

रक्त कायम लालच असतं, ऑक्सिजन भरपूर असेल तर भडक आणि कमी असेल तर गडद. विश्रांतीत शिरेतल्या रक्तातही सुमारे ७५ टक्के ऑक्सिजन शिल्लकच असतो. निळा रंग दिसतो तो त्वचेतून प्रकाश आत जाऊन परत येण्याच्या पद्धतीमुळे. लॅबमध्ये रक्त देताना सुईतून येतं ते शिरेतलंच रक्त. तिथे पाहा.

८. सगळ्या रक्तवाहिन्या जोडल्या तर एक लाख किलोमीटर होतात, हे खरं आहे का?

हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या अंदाजातून आला. त्यांना केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० चं नोबेल मिळालं होतं. पण त्या अंदाजात माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू धरले होते, आणि एवढे कुणाच्याही अंगात सहसा नसतात. नवे हिशेब दहा-वीस हजार किलोमीटरच्या घरात जातात. तेही काही कमी नाही.

या लांबीतला बहुतेक वाटा केशवाहिन्यांचा. त्या इतक्या बारीक की लाल पेशींना एकेक करून, अंग मुडपून जावं लागतं. रक्ताचा वेगही तिथे सेकंदाला मिलिमीटरच्या आत उतरतो, आणि ऑक्सिजनची देवघेव व्हायला तेवढी सवड लागतेच. हार्वीला या वाहिन्या कधी दिसल्या नाहीत. मार्चेल्लो माल्पिगीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तोवर हार्वी जाऊन चार वर्षं झाली होती.

९. जेवल्यावर पोटाकडे आणि धावताना पायांकडे जास्त रक्त जातं म्हणतात. हे ठरवतं कोण?

या पानावरचा माझा सर्वांत आवडता प्रश्न. उत्तर आहे धमनिका, म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या अगदी छोट्या धमन्या. त्यांच्या भिंतीत स्नायूंची वळी असतात. वळं आवळलं की त्या भागाकडे रक्त कमी, सैल सोडलं की जास्त. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस एका सरीचं दारं फोडतो आणि दुसरीचं बांधतो, पाटातलं पाणी मात्र तेवढंच असतं. धमनिकांचं काम अगदी तसंच.

वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली वाहणारं रक्त निम्मं होत नाही, सोळा पटींनी कमी होतं. म्हणून वळं केसभर हललं तरी पुरवठ्यात मोठा फरक पडतो. विश्रांतीत सगळ्या स्नायूंना मिळून मिनिटाला जेमतेम लिटरभर रक्त मिळतं. जोरात धावताना हृदय वीस लिटरपर्यंत रक्त फेकतं आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त स्नायूंकडे जातं. आतडी आणि मूत्रपिंडं यांचा वाटा तेव्हा कापला जातो. मेंदूचा वाटा, मिनिटाला सुमारे ७०० मिलिलिटर, जवळजवळ तसाच राहतो.

हुकूम दोन ठिकाणांहून येतात. एक मज्जासंस्थेकडून, आणि दुसरा जागेवरूनच: काम करणाऱ्या स्नायूत ऑक्सिजन घटला, आम्ल वाढलं की तिथली वळी आपणहून सैल पडतात. शिवाय वाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून भोवतालच्या स्नायूला सैल पडायला लावतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी हाच वायू पुरवते. नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या काळात हृदयविकारावर नायट्रोग्लिसरीनच दिलं होतं.

सगळी दारं एकाच वेळी उघडली तर? दाब कोसळतो. रक्तातला तीव्र जंतुसंसर्ग किंवा जोरदार अ‍ॅलर्जी यांत नेमकं हेच होतं. हृदय धडधाकट असूनही माणूस दगावू शकतो.

१०. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर कसं चढतं?

शिरांमध्ये वरच्या दिशेलाच उघडणाऱ्या झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आतल्या शिरा दाबतात आणि रक्त वर सरकतं. खाली उतरायचं तर झडपा आडव्या. नुसतं उभं राहिलं तर घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालायला लागलं की काही पावलांतच तो ३० च्या आसपास येतो.

झडपा हातावर पाहता येतात. हात खाली सोडून शिरा फुगू द्या. मनगटाच्या वरच्या बाजूला एखाद्या ठळक शिरेवर बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे शीर दाबत न्या आणि ते बोट उचला. वरून रक्त परत येत नाही, शीर मधल्या झडपेपर्यंत चपटीच राहते. आता खालचं बोट उचला, ती क्षणात भरते. हार्वीच्या पुस्तकात याच प्रयोगाची चित्रं आहेत.

शरीरातलं दोन तृतीयांशाच्या आसपास रक्त कोणत्याही क्षणी शिरांतच असतं. झडपा निकामी झाल्या की पायावर गाठीगाठीच्या शिरा दिसू लागतात. तासन्‌तास उभं राहणारे वाहतूक पोलीस, शिक्षक, दुकानातले कामगार यांना हा त्रास जास्त होतो. उभं राहणं टळत नसेल तर मधूनमधून टाचा उचलाव्यात, तेवढ्यानेही पोटरी काम करते.

११. झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी का येते?

उठताच अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि दाब उतरतो. मानेतल्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या नसा असतात. त्या लगेच नाडी वाढवायला आणि धमनिका आवळायला लावतात (प्रश्न ९). हे व्हायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात अंधारी येते. उपास, उन्हाळा, जुलाब, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या यांनी हे वाढतं. वयस्कर माणसांनी रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं. वारंवार होत असेल, किंवा एकदाही शुद्ध हरपली असेल, तर तपासून घ्या.

१२. बीपी १२०/८० म्हणजे नेमकं काय? खालचा आकडा महत्त्वाचा की वरचा?

डावा निलय रक्त फेकतो तेव्हा धमनीतला सर्वाधिक दाब हा वरचा आकडा, पुढच्या ठोक्याआधीचा सर्वांत कमी दाब हा खालचा. माप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. दोन ठोक्यांमध्ये निलय सैल असतो, तरी धमनीतला दाब शून्यावर येत नाही, कारण ठोक्यासरशी ताणलेल्या मोठ्या धमन्या परत आकसतात आणि रक्त पुढे ढकलत राहतात. वयानुसार त्या कडक होतात, म्हणून उतारवयात वरचा आकडा चढतो आणि खालचा कधीकधी उतरतोही. महत्त्वाचे दोन्ही. पन्नाशीनंतर वरच्याकडे जास्त लक्ष द्यावं.

१३. घरच्या मशिनवर दर वेळी वेगळा आकडा येतो. मशिन खराब आहे का?

बहुधा नाही, दाब दिवसभर बदलतच असतो. त्यात मोजण्याच्या चुका भर घालतात. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तरी आकडा सात-आठने जास्त येतो. बोलल्याने वाढतो, लघवी तुंबवून धरल्याने वाढतो, दंडाला पट्टा लहान पडला तरी वाढतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, हात टेबलावर ठेवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा. दोन हातांत दहापर्यंत फरक चालतो, सतत त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना सांगा. नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशिन फसू शकतं.

१४. मधूनच ठोका चुकल्यासारखा वाटतो. हृदय थांबतं का?

सहसा एखादा ठोका वेळेआधी पडतो. निलय पुरता भरलेला नसल्याने तो नाडीला लागत नाही. त्यानंतर थोडा जास्त वेळ जातो, निलय जास्त भरतो आणि पुढचा ठोका जोरात पडतो. छातीत धस्स होतं ते त्या जोरदार ठोक्याने. चहा, कॉफी, तंबाखू, जागरण, काळजी यांनी हे वाढतं. हृदय निरोगी असेल तर अधूनमधून असं होणं बहुतेकदा निरुपद्रवी. सोबत चक्कर, धाप, छातीत दुखणं असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थांबू नका.

१५. हार्ट अटॅक, कार्डियाक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर एकच का?

वर्तमानपत्रांत या तिन्हींची सरमिसळ होते. हार्ट अटॅकमध्ये हृदयधमनी गुठळीने बंद पडते आणि तिच्या हद्दीतला स्नायू मरू लागतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं, माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण अरेस्टला दुसरीही कारणं असतात. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे पण गरजेएवढं रक्त पुढे जात नाही. त्यात पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते, आणि औषधांवर माणूस वर्षानुवर्षं जगतो.

छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा. मधुमेहींना आणि बऱ्याच बायकांना छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं वाटू शकतं. ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पिऊन रात्र काढू नका, स्नायू मिनिटागणिक मरत असतो. माणूस कोसळला असेल तर १०८ ला कळवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा: सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. तुमच्या हातांनी हृदय दाबलं जातं आणि मेंदूला थोडं तरी रक्त पोचतं.

आणि ईसीजी नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका. अटॅकच्या सुरुवातीला तो साफ नॉर्मल असू शकतो. म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) तपासतात. ते वाढायलाही काही तास लागतात.

१६. बायपाससाठी पायातली शीर काढतात. मग पायाचं काय? आणि शीर धमनीचं काम करू शकते का?

बायपास म्हणजे अडलेल्या हृदयधमनीला वळसा घालणारी नवी वाट. तिच्यासाठी काढतात ती त्वचेखालची शीर. पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतून वर जातं, त्यामुळे काही काळ सूज राहते, पण पाय नीट काम करतो. प्रश्न १० मधल्या झडपा इथे आडव्या येतात. शीर होती तशीच बसवली तर रक्त अडेल, म्हणून सर्जन ती उलटी करून जोडतात.

ती काम करते, पण धमनीचा दाब तिला सोसायचा नसतो. भिंत जाड होत जाते आणि दहा वर्षांत अशा जोडण्यांपैकी निम्म्याच्या आसपास अरुंद किंवा बंद होतात. छातीच्या भिंतीमागची धमनी वापरली तर त्याच काळात १० पैकी ९ हून अधिक चालू राहतात. म्हणून सर्वांत महत्त्वाच्या वाहिनीला शक्यतो ती जोडतात. बायपास किंवा स्टेंट झाला म्हणजे आजार संपला असं नाही, वाहिन्यांचं अस्तर बिघडवणारी कारणं, म्हणजे तंबाखू, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, तशीच असतात. गोळ्या मनाने बंद करू नका.

१७. दुसऱ्याचं हृदय बसवलं तर ते मेंदूशी जोडलेलं नसताना चालतं कसं?

प्रश्न ३ मधला पुंजका नव्या हृदयासोबतच येतो, त्यामुळे ठोका त्याचा त्याला माहीत असतो. वाहिन्या जोडता येतात, तुटलेल्या नसा मात्र शिवत नाहीत. आवरणारी व्हेगस नस नसल्याने अशा माणसाची विश्रांतीतली नाडी ९० ते ११० च्या आसपास राहते. चालायला लागलं तर ती लगेच वाढत नाही, रक्तातून अ‍ॅड्रेनालिन हे ठोके वाढवणारं संप्रेरक पोचेपर्यंत काही मिनिटं जातात. थांबल्यावर उतरायलाही वेळ लागतो. म्हणून त्यांना व्यायामाआधी आणि नंतर सावकाश चालायला सांगतात.

जगातलं पहिलं मानवी हृदयाचं प्रत्यारोपण ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये केलं. तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. भारतात पहिलं यशस्वी प्रत्यारोपण त्यानंतर २६ वर्षांनी, १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी केलं. मेंदूमृत माणसाचे अवयव घेण्याला मान्यता देणारा कायदा त्याच वर्षी झाला.

नसा तुटल्याचा आणखी एक परिणाम नातेवाइकांना माहीत असायला हवा. नव्या हृदयाची वाहिनी बंद पडली तरी छातीत दुखेलच असं नाही, कारण वेदना कळवणारी नसच नाही. काही वर्षांत थोड्या नसा परत उगवतात, पण त्यांच्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे तक्रार काहीही नसली तरी ठरलेल्या तारखेला तपासणी करून घ्यावी लागते.